साहेब बदलतात, नदी तीच : आपत्ती व्यवस्थापकांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचा आढावा

महाराष्ट्रात सरकारी बदल्यांचा हंगाम एप्रिल-मेमध्ये येतो. बदल्यांचे नियमन करणाऱ्या राज्याच्या २००५च्या अधिनियमानेच तसे ठरवून दिले आहे. बदल्या एरवी वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या आणि एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरायचा. मुलांच्या शाळा, घरांची हलवाहलव हे सगळे पाहता ही व्यवस्था सोयीची आहे. पण त्याच सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत मान्सूनपूर्व आढावा बैठका चालू असतात आणि जूनच्या आरंभी पूर नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू होतात. परिणामी जुलै-ऑगस्टमध्ये ज्या प्रांतांना किंवा तहसीलदारांना गावे हलवण्याचा निर्णय घ्यायचा असतो, ते अनेकदा तालुक्यात नुकतेच रुजू झालेले असतात. नदीला किती पाणी आले की कोणता रस्ता आधी बंद होतो, कोणत्या वाडीला दुसरी वाट नाही, कोणत्या गावात होडी आहे आणि ती चालवणारा कोण, हे ज्यांना ठाऊक होते ते अधिकारी मेमध्येच दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात.

देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदाही २००५ सालचाच. त्यानंतरच्या दोन दशकांत प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, विद्यापीठांत अभ्यासक्रम सुरू झाले, हजारो अधिकारी-कर्मचारी कार्यशाळांना बसले, प्रमाणपत्रे घेऊन परतले. हे काम थोडे नाही आणि त्याचे फळही दिसते. तरी या सगळ्या पसाऱ्याचा आढावा घेताना एक विसंगती वारंवार आडवी येते. धोका जागेला चिकटलेला असतो आणि आपण प्रशिक्षण देतो ते माणसाला. माणूस बदलून गेला की प्रशिक्षणही त्याच्याबरोबर जाते.

व्यवस्थापक म्हणायचे कोणाला?

प्रशिक्षण कोणाला द्यायचे, हा पहिला प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. डॉक्टर, अभियंता किंवा वनाधिकारी म्हणावा तसा आपत्ती व्यवस्थापक नावाचा स्वतंत्र सेवावर्ग आपल्याकडे नाही. कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे दिले आहे. रोजचे काम निवासी उपजिल्हाधिकारी पाहतात. तालुक्याला तहसीलदार, मंडळाला मंडळ अधिकारी आणि गावाला तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल. धरणातून किती विसर्ग करायचा ते जलसंपदा विभागाचे अभियंते ठरवतात. जखमी येतात ते ग्रामीण रुग्णालयात. यांतल्या एकाच्याही पदनामात आपत्ती हा शब्द नाही. महसूल वसुली, निवडणुका, जमिनीचे वाद, रेशन या सगळ्यांच्या जोडीला हे काम त्यांच्याकडे असते. ज्यांच्या पदनामात तो शब्द आहे ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बहुतेक ठिकाणी कंत्राटी तत्त्वावर काम करत आले आहेत. जिल्ह्याची सगळी माहिती त्यांच्या डोक्यात असते, पण निर्णयाचे अधिकार त्यांच्या हातात नसतात.

म्हणून शिकणाऱ्यांचे तीन थर वेगळे करून पाहावे लागतात. पहिला थर निर्णय घेणाऱ्यांचा, दुसरा प्रत्यक्ष बचाव करणाऱ्या दलांचा आणि तिसरा आपत्तीच्या पहिल्या तासात जागेवर हजर असणाऱ्या सामान्य माणसांचा. आतापर्यंतचा सर्वाधिक पैसा आणि लक्ष दुसऱ्या थराकडे गेले. तिथे यशही मिळाले. उरलेल्या दोन थरांची गोष्ट वेगळी आहे.

टंचाईची शाळा आणि किल्लारीचा धडा

आपल्या महसूल यंत्रणेला एक आपत्ती मात्र चांगली येते, ती म्हणजे दुष्काळ. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. पैसेवारी कशी काढायची, कामे कधी उघडायची, मजुरी किती द्यायची, चारा कुठून आणायचा, हे सगळे कलमवार लिहिले गेले. स्वातंत्र्यानंतर त्याच परंपरेतून टंचाई नियमावली आली. १९७२-७३च्या दुष्काळात या यंत्रणेची खरी कसोटी लागली. मे १९७३च्या सुमारास महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढ्या माणसांना काम, मजुरी आणि धान्य पुरवणारे अधिकारी कोणत्याही आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गाला बसलेले नव्हते. त्यांच्याकडे लिखित नियमावली होती, दर दोन-चार वर्षांनी येणारा सराव होता आणि हाताखालच्याला काम शिकवणारे वरिष्ठ होते. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे शिक्षण आपोआप होते.

अचानक कोसळणाऱ्या आपत्तीला यांतले काहीच नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दोन्ही वेळा लष्कर, होमगार्ड, स्वयंसेवी संस्था धावल्या, पुनर्वसन झाले आणि अनुभव फायलींत गेला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली किल्लारीसह अनेक गावे भूकंपाने झोपेतच जमीनदोस्त झाली, सुमारे आठ हजार माणसे दगावली, तेव्हा राज्याला प्रथमच जाणवले की केवळ मदत वाटण्याच्या कौशल्यावर भागणार नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला गेला, ५२ गावे नव्या जागी वसली, आणि त्याच ओघात राज्याचे व जिल्ह्यांचे बहु-आपत्ती आराखडे तयार झाले. असे आराखडे लवकर करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव घ्यावे लागते.

किल्लारीनंतरच्या कामातला एक भाग प्रशिक्षणाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. उभी राहिलेली पण तडकलेली घरे मजबूत करायची होती आणि ते काम लाखावर घरांचे होते. अभियंते पुरे पडणे शक्य नव्हते. गवंड्यांना शिकवावे लागले. दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, छताखाली पट्टा का बांधायचा, कोपरे कसे जोडायचे, हे त्यांनी भिंतीवरच शिकून घेतले. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद साहाय्यक’ नेमल्या गेल्या. घरमालकाला तंत्र समजावणे आणि त्याची तक्रार सरकारपर्यंत पोहोचवणे ही त्यांची कामे. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने ही बाजू सांभाळली. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातल्या या बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना शिकवून आल्या. आपत्तीतून शिकलेले ज्ञान दुसऱ्या आपत्तीला थेट पोहोचल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरे सापडणे कठीण.

संस्था उभ्या राहतात

राष्ट्रीय पातळीवरची घडण दर आपत्तीने एकेक पायरी चढत गेली. १९९५ साली दिल्लीच्या भारतीय लोकप्रशासन संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. ऑगस्ट १९९९मध्ये जे. सी. पंत यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती बसली. तिचे काम चालू असतानाच ओडिशात महाचक्रीवादळ आले आणि पाठोपाठ भूजचा भूकंप. त्यानंतर नेमलेल्या सर्वपक्षीय राष्ट्रीय समितीच्या उपाध्यक्षपदी शरद पवार होते. किल्लारीच्या वेळी मुख्यमंत्री असण्याचा अनुभव त्यामागे होता. २००२ साली हा विषय केंद्रात कृषी मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे गेला. शेतीचे नुकसान म्हणून पाहिली जाणारी आपत्ती आता सुरक्षेचा प्रश्न झाली. जुन्या केंद्राचे रूपांतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेत झाले. २००४च्या त्सुनामीनंतर आलेल्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा दिला आणि मनुष्यबळाचा विकास, संशोधन, अभ्यासक्रम यांची जबाबदारी तिच्याकडे सोपवली. राज्यांत हे काम प्रशासकीय प्रशिक्षण संस्थांकडे आले. आपल्याकडे ती संस्था म्हणजे पुण्याची यशदा.

बचाव दलांच्या प्रशिक्षणाची राजधानी मात्र नागपूर आहे, हे नागपूरकरांनाही फारसे ठाऊक नसते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आले. देशभरच्या अग्निशमन दलांचे अधिकारी पिढ्यान्‌पिढ्या तिथे तयार झाले. १९५७ सालीच नागपुरात आणीबाणीच्या मदतकार्याचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था निघाली. पुढे तिचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. मुळात हवाई हल्ल्यानंतर ढिगाऱ्याखालून माणसे कशी काढायची हे शिकवण्यासाठी उभारलेली ही विद्या भूकंपातही तितकीच कामाची ठरली. आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची अकादमीही नागपुरातच आहे आणि ते जुने महाविद्यालय तिच्यात सामावले आहे.

एनडीआरएफ २००६ साली आठ बटालियनांनिशी उभे राहिले, आज त्या सोळा आहेत. प्रत्येक बटालियनमध्ये ४५ जणांची अठरा पथके, त्यांत अभियंते, तंत्रज्ञ, वैद्यकीय कर्मचारी, श्वानपथक असा सरंजाम. पुण्याजवळ तळेगावच्या परिसरात सुदुंबरे इथे पाचवी बटालियन आहे. कोसळलेल्या इमारतीत शोध, पूरबचाव, रासायनिक दुर्घटना यांचे तिचे प्रशिक्षण आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळणारे आहे. राज्याने राज्य राखीव पोलीस दलातून धुळे आणि नागपूर इथे स्वतःचे प्रतिसाद दल उभारले. मुंबई महापालिकेने २६ जुलै २००५चा ९४४ मिलिमीटर पाऊस सोसल्यानंतर नियंत्रण कक्ष बळकट केला आणि परळला शहर आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण केंद्र काढले. या दुसऱ्या थराला शिकवायचे काय हे ठरलेले आहे, शिकवणारे आहेत, सराव रोजचा आहे आणि चाचणीही आहे. म्हणूनच तिथे दर्जा टिकतो. पण तिथलेही बहुसंख्य जवान निमलष्करी दलांतून प्रतिनियुक्तीवर आलेले असतात आणि कालांतराने मूळ दलात परततात. बदलीचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. सतत चालणाऱ्या सरावाने तो झाकला गेला आहे इतकेच.

पदवी आहे, पद कुठे?

विद्यापीठीय शिक्षणाचा प्रवाह वेगळा आहे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञांनी १९६३ साली ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र काढले. एन्रिको क्वारन्टेली हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. आपत्तीत लोक सैरावैरा पळतात, लुटालूट करतात, हतबल होऊन मदतीची वाट पाहतात, हे समज क्वारन्टेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून खोडून काढले. लोक बहुतांशी शहाणपणाने वागतात, शेजाऱ्याला आधी काढतात आणि गोंधळ होतो तो यंत्रणांचा आपसांतला, असे त्यांना आढळले. व्यवस्थापकाच्या शिक्षणाची दिशाच यामुळे बदलायला हवी होती. लोकांना आवर घालण्याऐवजी संस्थांचा मेळ घालणे हे त्याचे मुख्य काम ठरते. १९८३ साली नॉर्थ टेक्सास विद्यापीठात या विषयाची पदवी सुरू झाली आणि पुढच्या काळात अमेरिकेत असे अभ्यासक्रम बहरले. त्याचे कारण म्हणजे तिथल्या परगण्यांत, शहरांत, रुग्णालयांत, विद्यापीठांत आपत्ती व्यवस्थापक हे स्वतंत्र पद आहे.

भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणातून हा विषय दूरवर नेला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ साली जमशेटजी टाटा आपत्ती व्यवस्थापन केंद्र सुरू केले आणि पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण दिले. किल्लारीपासून भूकंपग्रस्तांत काम केलेल्या संस्थेला हे शोभणारेच होते. तिथल्या शिक्षणाचा भर आपत्तीच्या सामाजिक मुळांवर राहिला. पूर सगळ्यांच्या घरात शिरतो, पण वर्षभराने कोण सावरलेला असतो आणि कोण कर्जात बुडालेला, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडत नाही. नंतर इतर अनेक विद्यापीठांनी पदविका काढल्या. २०१६ साली दिल्लीतल्या आशियाई मंत्रिपरिषदेत पंतप्रधानांनी मांडलेल्या दहा कलमी कार्यक्रमात विद्यापीठांचे जाळे विणण्याचे एक कलम होते. त्यातून तसे जाळेही उभे राहिले.

अडचण पुढे आहे. ही पदवी घेतलेल्या मुला-मुलींना जायचे कुठे? स्वयंसेवी संस्था, संयुक्त राष्ट्रांचे प्रकल्प, मोठ्या उद्योगांचे सुरक्षा विभाग आणि जिल्ह्यातले कंत्राटी पद, एवढेच पर्याय. ज्या तहसील कचेरीत त्यांचे ज्ञान सर्वांत उपयोगी, तिथे त्यांना दार नाही. त्यामुळे एकीकडे पदवीधर आहेत पण अधिकार नाहीत आणि दुसरीकडे अधिकारी आहेत पण त्यांची ओळख तीन दिवसांच्या कार्यशाळेपुरती. या दोन टोकांमधला पूल बांधण्याचे काम शिक्षणसंस्थांचे नाही. ते सरकारच्या सेवाशर्तींचे आहे.

शिकवतात काय, लागते काय

अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ दोन गोष्टींना जातो. एक, कायदा आणि निधीचे निकष. पंचनामा कसा करायचा, मृताच्या वारसाला चार लाख रुपये देण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, घर अंशतः पडले की पूर्ण, याची तपासणी कशी करायची. हे आवश्यक आहे, कारण पंचनाम्यात चूक झाली तर गरिबाची मदत अडते. पण हे सगळे आपत्ती घडून गेल्यानंतरचे ज्ञान आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे घटना प्रतिसाद प्रणाली. १९७०च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत अनेक अग्निशमन दले एकत्र आली आणि कोण कोणाचा हुकूम ऐकणार हेच ठरेना. त्यातून तिथे एक आज्ञाव्यवस्था विकसित झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तिला भारतीय प्रशासनाचा साज चढवून २०१० साली मार्गदर्शिका काढली. एकच प्रमुख, त्याच्या हाताखाली कारवाई, नियोजन, रसद अशा शाखा आणि प्रत्येक पदावरचा माणूस आधीच ठरलेला, असा तिचा गाभा. विचार चांगला आहे. पण त्याचा तक्ता भिंतीवर लावल्याने काम होत नाही. आपल्याकडे ज्येष्ठतेचा क्रम मोडणे अवघड. नियोजन शाखेचा प्रमुख म्हणून ज्याचे नाव तक्त्यावर आहे तो मेमध्ये बदलून गेला तर त्या चौकटीत नवे नाव लिहिले जाते. नव्या माणसाला ते पद म्हणजे काय हे कोणी सांगत नाही.

प्रत्यक्षात लागणारे ज्ञान बरेचसे स्थानिक असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी, ४५ला धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. तिथल्या शाळकरी पोरालाही हे पाठ असते. पण प्रत्येक फुटाला कोणती गल्ली, कोणती वस्ती, कोणता पूल पाण्याखाली जातो आणि कोयनेतून किंवा वारणेतून सोडलेले पाणी किती तासांत पोहोचते, हे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला शिकावे लागते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विनची पातळी ५७ फुटांपुढे गेली. २००५चे पाणी जिथपर्यंत आले होते त्या खुणेवर विसंबून अनेक कुटुंबे घरात थांबली होती. लोकांची आठवणही कधी कधी दगा देते, म्हणून तिला पूररेषेच्या नकाशांची आणि पर्जन्याच्या अंदाजांची जोड हवी. याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला. होडीत किती माणसे घ्यायची, जीवरक्षक जाकिटाशिवाय कोणाला चढू द्यायचे नाही आणि घाबरलेल्या जमावाला ‘थांबा’ म्हणून सांगायचे कसे, हे प्रशिक्षण अधिकाऱ्याइतकेच बोट चालवणाऱ्यालाही हवे.

सह्याद्रीतल्या दरडींचे गणित आणखी निराळे. माळीण ३० जुलै २०१४ला गाडले गेले, तळिये २०२१च्या जुलैत, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री. इर्शाळवाडीला यंत्रे नेणे शक्य नव्हते. पावसात, अंधारात डोंगर चढून माणसांनीच पोहोचायचे होते. तिथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. दरडीच्या बाबतीत बचावाचे प्रशिक्षण कितीही उत्तम असले तरी ते उशिराच पोहोचते. तिथे खरा व्यवस्थापक तोच, जो डोंगराला पडलेली भेग, वाकलेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा ओळखतो आणि त्या रात्रीपुरती वाडी रिकामी करतो. तलाठ्याच्या प्रशिक्षणात भूशास्त्राचा एवढा धडा असायला हवा. विजांबाबतही तेच. विदर्भ-मराठवाड्यात शेतात काम करणारी माणसे दर वर्षी विजेने मरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ अ‍ॅप दिले आहे, पण इशारा मोबाइलवर आला तरी रानातल्या मजुराने झाडाखाली थांबू नये हे सांगणारे माणूस गावातच लागते.

रंगीत तालीम

प्रशिक्षण टिकवण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे सराव. पण आपल्याकडची रंगीत तालीम बहुतेक वेळा खरोखरच रंगीत असते. दिवस ठरलेला, वेळ सकाळी अकराची, पाहुणे आलेले, रुग्णवाहिका आधीच रांगेत उभ्या. सगळे सुरळीत पार पडते आणि अहवालात ‘यशस्वी’ अशी नोंद होते. अपयश शोधण्यासाठी जी गोष्ट करायची ती यशाच्या प्रदर्शनासाठी केली की तिचा उपयोग संपतो. रात्री दोनची वेळ, मोबाइल बंद, निवासी उपजिल्हाधिकारी रजेवर, बोटीचे इंजिन सुरू होत नाही, अशा परिस्थितीत तालीम घेतली तर पाच त्रुटी सापडतील आणि त्या पाच सुधारल्या तर तालीम कारणी लागली म्हणायची.

ओडिशाने हे करून दाखवले. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास बळी गेले. त्यानंतर राज्याने स्वतंत्र प्राधिकरण काढले, स्वतःचे शीघ्र कृती दल उभे केले, किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे बांधले आणि प्रत्येक निवाऱ्याला गावकऱ्यांची समिती जोडून दिली. हंगामाआधी निवाऱ्यानिवाऱ्यावर सराव होऊ लागला. जनित्र चालते का, आरा आहे का, अपंगांना कोण उचलून आणणार, हे दर वर्षी तपासले जाऊ लागले. २०१३च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी सुमारे दहा लाख आणि २०१९च्या फनीच्या वेळी बारा लाख लोक हलवले गेले आणि बळींची संख्या दोन आकड्यांत राहिली. ओडिशातही अधिकारी बदलतात. पण निवारा बदलत नाही, समिती बदलत नाही आणि सरावाची तारीख चुकत नाही. ज्ञान तिथे खुर्चीऐवजी जागेत मुरले.

तयारीतली कसूर किती महाग पडते याचा कठोर दाखला जपानचा आहे. ११ मार्च २०११च्या त्सुनामीत इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेतली ७४ मुले आणि १० शिक्षक दगावले. भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटे मुले मैदानात थांबली होती, शाळेमागेच टेकडी होती. पालक न्यायालयात गेले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली दोष ठेवला तो केवळ त्या दिवशीच्या गोंधळावर नव्हता. शाळेच्या आपत्ती आराखड्यात मुलांना नेमके कुठे न्यायचे ते लिहिले नव्हते आणि शिक्षण मंडळाने तो आराखडा तपासला नव्हता, ही त्सुनामीच्या कितीतरी आधीची चूक न्यायालयाने धरली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. आराखडा लिहिणे आणि लोकांना त्यात तयार करणे हे कायदेशीर कर्तव्य आहे, असा त्याचा अर्थ. आपल्या कायद्याच्या कलम ३०मध्येही अधिकारी, कर्मचारी आणि स्वयंसेवी बचावकर्ते यांच्यासाठी विशेष प्रशिक्षण घेणे हे जिल्हा प्राधिकरणाचे काम म्हणून नोंदले आहे. ते पार पाडले की नाही, असे विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे अजून पडलेली नाही.

पहिला तास शेजाऱ्यांचा

तिसऱ्या थराकडे, म्हणजे लोकांकडे, वळण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न ‘आपदा मित्र’ योजनेतून झाला. २०१६ साली पूरप्रवण ३० जिल्ह्यांत प्रत्येकी दोनशे स्वयंसेवक तयार करण्यापासून तिची सुरुवात झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचे लक्ष्य ठेवले गेले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, हाती बचावाचे साहित्य आणि विमा असे तिचे स्वरूप. योजना योग्य दिशेची आहे. धोका एकच, की प्रशिक्षणाचा आकडा पूर्ण झाला की काम संपले असे मानले जाईल. स्वयंसेवकाला दर वर्षी बोलावले नाही, तहसीलदारांना त्यांची नावे ठाऊक नसली, तर दोन वर्षांत तो बारा दिवसांचा अनुभव विरून जातो.

बांगलादेशचा चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला तो याच कारणाने. १९७०च्या वादळात किमान तीन लाख माणसे मेली, त्यानंतर १९७२ साली तो सुरू झाला. आज त्याचे सत्तर हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत. इशाऱ्याची निशाणे लावणे, ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरणे, निवाऱ्यात नेणे, प्रथमोपचार, अशी प्रत्येकाची कामे ठरलेली. स्त्रिया घराबाहेर पडायला कचरतात म्हणून अधिक बळी जातात हे लक्षात आल्यावर स्त्री स्वयंसेवकांची संख्या जाणीवपूर्वक वाढवली गेली. हे स्वयंसेवक त्याच गावात राहतात आणि त्यांची बदली होत नाही.

महाराष्ट्राकडे असे भांडवल आहे. सह्याद्रीत फिरणारे गिर्यारोहक दरीतून माणसे काढण्यात तरबेज आहेत. कोल्हापूर-सांगलीतल्या तालमी आणि तरुण मंडळे प्रत्येक पुरात उतरतात. कोकणातले मच्छीमार खवळलेले पाणी ओळखतात. बचत गटांच्या बायकांना कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे ते ठाऊक असते. या सर्वांना प्रशासन आपत्तीच्या दिवशी हाक मारते. ती हाक आराखड्यातच, आधी, नावानिशी आणि सरावासह द्यायला हवी.

करायचे काय

पैसा नाही ही सबब आता चालणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची रचनाच बदलली. एकूण १ लाख ६० हजार कोटींहून अधिक रकमेतला दहावा हिस्सा पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी आणि पाचवा हिस्सा धोका कमी करण्यासाठी राखून ठेवला. प्रशिक्षणाला निधीच्या निकषांतच हक्काची जागा मिळाली.

ती वापरताना तीन सुधारणा तातडीच्या वाटतात. पहिली, कार्यभार सोपवण्याची. आज पदभार देता-घेताना कपाटांच्या किल्ल्या आणि फायलींची यादी सह्यांनिशी सोपवली जाते. त्याच सक्तीने तालुक्याचे आपत्ती टिपण सोपवले जावे आणि जुन्या अधिकाऱ्याने नव्याला धोक्याची ठिकाणे प्रत्यक्ष दाखवावीत. पूरप्रवण आणि दरडप्रवण तालुक्यांपुरत्या बदल्या मार्चअखेर उरकल्या तर पावसाआधी दोन महिने मिळतील. दुसरी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांचे पद नियमित करावे, त्यासाठी विषयातली पदवी पात्रता म्हणून ठेवावी आणि त्याला बढतीची वाट द्यावी. २०२५ साली संसदेने मंजूर केलेल्या दुरुस्तीमुळे महापालिका असलेल्या शहरांत नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे स्थापन करता येतील. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत. त्यांनाही अशी माणसे लागणार आहेत. पुन्हा अतिरिक्त कार्यभारावर भागवायचे की पदवीधरांना दार उघडायचे, हे आताच ठरेल.

तिसरी सुधारणा अहवालांची. मांढरदेवीच्या २००५च्या चेंगराचेंगरीनंतर न्यायमूर्ती राजन कोचर आयोग बसला, मुंबईच्या पुरानंतर माधव चितळे समिती, २०१९च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे समिती. अनुभवी माणसांनी कष्टाने काढलेले हे निष्कर्ष म्हणजे महाराष्ट्राची स्वतःची पाठ्यपुस्तके आहेत. यशदाच्या वर्गात परदेशी प्रसंगांइतक्याच तपशिलाने ती शिकवली जावीत आणि कोणती शिफारस अमलात आली, कोणती राहिली, याचा हिशेब दर वर्षी विधिमंडळासमोर ठेवला जावा.

या सगळ्याची परीक्षा फार लांब नाही. नाशिकच्या सिंहस्थाचे मुख्य स्नान २०२७च्या पावसाळ्यात आहे. २००३च्या कुंभात तिथे चेंगराचेंगरीत ३९ जण मेले. २०१५चा कुंभ तसे काही न होता पार पडला. २०१५ साली गर्दी सांभाळणारे अधिकारी आता राज्यभर विखुरले आहेत, काही निवृत्त झाले. बारा वर्षांनी येणाऱ्या प्रसंगासाठी व्यक्तींच्या आठवणीवर विसंबता येत नाही. त्या वेळी कोणता घाट कधी बंद केला, एकेरी वाटा कशा आखल्या, काय चुकता चुकता राहिले, हे त्या माणसांना आज बोलावून, लिहून घेऊन, त्यावर नव्यांची तयारी करून घेणे शक्य आहे. त्याला मोठी इमारत लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. जुन्या अधिकाऱ्यांना दोन दिवसांसाठी नाशिकला हजर राहण्याचा एक शासकीय आदेश पुरेसा आहे, आणि तो २०२७च्या पावसाआधी पुरेसा वेळ हातात ठेवून निघायला हवा.